आतषबाजीचा कार्यक्रम ठरवताय? परवानगी आणि सुरक्षेतल्या या चुका टाळा

सार्वजनिक आतषबाजीत अपघात झाला की चर्चा आधी दारूकामाच्या दर्जावर सुरू होते. मोठ्या दुर्घटनांची कारणं मात्र बहुतेक वेळा दुसरीकडेच असतात. साठा कुठे ठेवला होता, लोक किती अंतरावर उभे होते, आकाशात फुटणारे दारूचे गोळे ज्यांतून उडवतात त्या नळ्या कशा बसवल्या होत्या, कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे होता, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतात. परवानगीच्या अर्जात आणि सोबतच्या अटींत यातलंच बरंचसं विचारलेलं असतं. म्हणून अर्ज कार्यालयातल्या टेबलावर बसून भरू नये, मैदानात उभं राहून, हातात टेप घेऊन भरावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी जाहिरात, मग अर्ज

तारीख जाहीर झाली, फलक लागले, पाहुणे ठरले आणि त्यानंतर अर्ज गेला, की नकार पचवणं आयोजकांना अवघड जातं. गर्दी जमलेली असते आणि "एवढं सगळं झालंय, आता कसं थांबवणार" असा दबाव तयार होतो. केरळमधल्या कोल्लम जिल्ह्यातल्या पुट्टिंगल मंदिरात 10 एप्रिल 2016 च्या पहाटे जी दुर्घटना घडली, त्या आतषबाजीला जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारली होती. तरीही कार्यक्रम झाला आणि 100 हून अधिक माणसं गेली. बीजिंगमध्ये 9 फेब्रुवारी 2009 ला सरकारी दूरचित्रवाणीच्या नव्या संकुलात परवानगीशिवाय मोठी आतषबाजी केली गेली. त्यात शेजारची बांधून होत आलेली उंच इमारत पेटली आणि एका अग्निशमन जवानाचा जीव गेला.

परवानगी हातात आल्याशिवाय "आतषबाजी" हा शब्द पत्रिकेत छापू नका. नकार आला तर कारण लेखी मागा. पुष्कळदा आक्षेप जागेला किंवा मोठ्या गोळ्यांना असतो. मैदान बदलून किंवा गोळ्यांचा आकार कमी करून पुन्हा अर्ज करता येतो.

एका सहीवर काम भागेल असं समजणं

पोलिसांनी होकार दिला म्हणजे झालं, असं अनेकांना वाटतं. पोलीस बघतात गर्दी, बंदोबस्त आणि वाहतूक. स्फोटकांच्या परवान्याचा विषय वेगळा असतो. भारतात तो स्फोटक नियम, 2008 खाली येतो. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला वेगळा, जागामालकाची लेखी संमती वेगळी. विमानतळ जवळ असेल तर हवाई वाहतूक नियंत्रणाला कळवावं लागतं, कारण मोठे गोळे दीड-दोनशे मीटर उंच जातात. नदी, तलाव किंवा जंगलाच्या कडेला कार्यक्रम असेल तर त्या त्या खात्यालाही विचारावं लागतं.

सर्वांत जास्त घोळ होतो तो ठेकेदाराच्या कागदांत. फटाके विकण्याचा परवाना म्हणजे आतषबाजी करण्याचा परवाना नव्हे. ब्रिटनमध्ये तर सर्वांत ताकदीचा, एफ4 वर्गातला माल व्यावसायिकांखेरीज कोणाला देताच येत नाही. तेव्हा ठेकेदाराचा परवाना नुसता पाहू नका. त्यावर काम कोणतं लिहिलंय, मुदत कधीपर्यंत आहे आणि प्रत्यक्ष बत्ती देणाऱ्या माणसांना प्रशिक्षण आहे का, ते तपासा. विम्याच्या कागदावर प्रेक्षकांना होणारी इजा समाविष्ट आहे ना, तेही वाचा.

भाषणं लांबली आणि वेळ टळली

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या निकालानुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात आवाजाचे फटाके वाजवता येत नाहीत. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतालचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात मोडतो. बेरियमयुक्त फटाक्यांवरही बंदी आहे. याशिवाय राज्याचे आणि जिल्ह्याचे आदेश वेळोवेळी निघतात, ते त्या वर्षीचेच पाहावेत. इंग्लंडमध्ये एरवी रात्री 11 ला थांबावं लागतं, 5 नोव्हेंबरला, म्हणजे तिथल्या आतषबाजीच्या सणाला, मध्यरात्रीपर्यंत आणि दिवाळीच्या रात्री 1 वाजेपर्यंत सवलत आहे.

वेळापत्रक शेवटाकडून मांडा. संपायची वेळ आधी लिहा, तिच्या अर्धा तास अलीकडे आतषबाजी संपेल अशी सुरुवात ठरवा आणि भाषणं त्याच्या आधी बसवा. बसत नसतील तर भाषणं कापा.

अंतर डोळ्यांच्या अंदाजाने धरणं

"मैदान मोठं आहे" हे माप नव्हे. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या 1123 क्रमांकाच्या मानकात साधा हिशेब आहे: नळीच्या व्यासाच्या दर इंचाला 70 फूट. म्हणजे 3 इंची गोळ्यासाठी 210 फूट, साधारण 64 मीटर. 6 इंचीसाठी 420 फूट, साधारण 128 मीटर. हे अंतर चारही बाजूंनी मोकळं लागतं. फक्त प्रेक्षकांच्या बाजूने मोजून चालत नाही. मागे वाहनतळ, गवताची गंजी किंवा मांडव असेल तर तीही बाजू मोजायची. तुमच्याकडच्या परवान्यात याहून जास्त अंतर दिलं असेल तर अर्थातच तेच पाळायचं.

मैदान लहान असेल तर उपाय एकच, गोळे लहान घ्या. ठेकेदार "आम्ही नळ्या जरा कलत्या लावतो" म्हणाला तर ऐकू नका. गोळा फुटलाच नाही तर तो कुठे येऊन पडेल याचा हिशेब त्या कलण्याने पूर्ण बदलतो.

दोर बांधून गर्दी थांबत नाही, हेही लक्षात घ्या. लोक चित्रफीत काढायला हळूहळू पुढे सरकतात. पक्के अडथळे लावा, दर काही मीटरवर माणूस उभा करा, आणि रेषा ओलांडली गेली तर बत्ती थांबेल हे ध्वनिक्षेपकावरून आधीच सांगा.

साठा जवळ ठेवणं

माझ्या मते सगळ्या चुकांत ही सर्वांत घातक. पुट्टिंगलमध्ये जळता तुकडा साठवणीच्या खोलीवर गेला आणि एकदम मोठा स्फोट झाला. इमारतीचे काँक्रीटचे तुकडे दूरवर उडाले. केरळमध्येच नीलेश्वरमला ऑक्टोबर 2024 मध्ये ठिणगी जवळच्या साठ्यावर पडली आणि 150 हून अधिक लोक भाजले किंवा जखमी झाले. दोन्हीकडे साठा ठिणगीच्या आवाक्यात होता.

शक्यतो सगळे गोळे आधीच नळ्यांत भरून ठेवण्याची आणि दुरून विजेच्या साहाय्याने बत्ती देण्याची पद्धत मागा. मग कार्यक्रम चालू असताना मैदानात सुटा माल राहतच नाही. हाताने पुन्हा पुन्हा भरायचं असेल तर माल झाकणाच्या पेट्यांत, वारा जिकडून येतो त्या बाजूला आणि एकाच वेळी एकच पेटी उघडी, एवढं तरी पाळलंच पाहिजे.

नळ्या घट्ट न बसवणं

कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीत 4 जुलै 2013 ला एक गोळा वेळेआधी फुटला, नळ्यांच्या चौकटी आडव्या झाल्या आणि पुढचे गोळे प्रेक्षकांकडे सुटले. अनेक जण जखमी झाले. चौकट हाताने जोरात ढकलून पाहा. हलली तर खुंट्या, वाळूच्या गोण्या किंवा आडव्या फळ्या लावायला सांगा.

मोकळ्या जागेचा माल छताखाली

हे कधीच नको. ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात 27 जानेवारी 2013 ला बाहेर वापरायची ज्योत नाइटक्लबमध्ये पेटवली गेली आणि 242 जणांचा मृत्यू झाला.

ऐनवेळी अडचण आली तर

*वारा प्रेक्षकांच्या दिशेने फिरला:* थांबा. वाऱ्याची मर्यादा ठेकेदारासोबत आधीच लेखी ठरवा आणि थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे द्या. तो माणूस व्यासपीठावर नव्हे, बत्तीच्या जागेजवळ हवा.

*गोळा नळीतून सुटलाच नाही:* नळीत वाकून पाहू नका, वात पुन्हा पेटवू नका. निदान अर्धा तास कोणी जवळ जाऊ नये. नंतर प्रशिक्षित माणसाने बाजूने नळीत पाणी भरावं.

*पाऊस आला:* भिजलेला माल वाळवून त्याच रात्री वापरू नका. त्याची वात किती वेगाने जळेल याचा भरवसा राहत नाही.

*कार्यक्रम संपला:* अडथळे लगेच काढू नका. आधी बॅटरी घेऊन गोळे आणि त्यांचे तुकडे पडतात ती पूर्ण जागा तपासा आणि सकाळी उजेडात पुन्हा एकदा. न फुटलेले गोळे मुलांना सापडले तर ती फोडून बघतात. असा गोळा दिसला तर हात न लावता खूण करा आणि ठेकेदाराकडूनच उचलून घ्या. किती गोळे आणले, किती उडाले आणि किती परत नेले याचा लेखी हिशेब जुळल्याशिवाय मैदान कोणासाठीही उघडू नका.