बौद्धिक अक्षमता: ही संज्ञा वापरताना या चुका टाळा

‘मतिमंद’ हा शब्द मराठीत शाळांच्या पाट्यांवर, शासन निर्णयांत आणि वैद्यकीय प्रमाणपत्रांत अनेक दशके वापरला गेला, कारण १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांपैकी एका प्रकाराला मराठीत हेच नाव रूढ होते. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये हे प्रकार एकवीस झाले आणि त्यात ‘बौद्धिक अक्षमता’ ही संज्ञा आली. विचार करणे, शिकणे आणि अडचणीतून मार्ग काढणे या क्षमतांवर, तसेच रोजच्या व्यवहारातील कौशल्यांवर लक्षणीय मर्यादा असणे, असा तिचा अर्थ आहे. यातला दुसरा भाग लोक हमखास विसरतात आणि केवळ बुद्ध्यंकाच्या (आयक्यू) आकड्यावरून निष्कर्ष काढतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार यांची गल्लत. बातमीत ‘मनोरुग्ण मुलगी’ असे छापले जाते आणि प्रत्यक्षात ती बौद्धिक अक्षमता असलेली मुलगी असते. मानसिक आजार कोणत्याही वयात होऊ शकतो आणि त्यावर उपचार असतात. बौद्धिक अक्षमता वाढीच्या वयातच दिसून येते आणि तिथे औषधापेक्षा शिक्षण, सराव व आधार यांची गरज असते. दोन्ही एकाच व्यक्तीत असू शकतात, पण म्हणून त्या एक ठरत नाहीत. हा भेद किती दूरवर पोहोचतो हे चंडीगढच्या शासकीय संस्थेत राहणाऱ्या एका तरुणीच्या प्रकरणात दिसले. ती गरोदर होती, तिला मूल हवे होते, तरी उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. गर्भपाताच्या कायद्यानुसार मानसिक आजार असलेल्या स्त्रीच्या वतीने पालक संमती देऊ शकतात, मात्र या तरुणीला सौम्य बौद्धिक अक्षमता होती. त्यामुळे तिची स्वतःची संमती आवश्यकच होती, असे न्यायालयाने स्पष्ट केले. एका संज्ञेच्या जागी दुसरी बसली असती, तर तिच्या इच्छेला कायद्यात जागाच उरली नसती.

हीच गल्लत पालकांना कार्यालयातही अडवते. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व मिळवता येते, परंतु ते स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरतेच. अर्जात ‘मानसिक रुग्ण’ असे लिहिले, तर अर्ज या कायद्याच्या कक्षेबाहेरचा वाटून परत येऊ शकतो. म्हणून प्रमाणपत्रात लिहिलेली संज्ञाच अर्जात जशीच्या तशी उतरवावी.

‘वय तीस, पण मानसिक वय सहा’ असे लिहिण्याची सवयही सोडायला हवी. चाचणीतील तुलनेसाठी काढलेला तो आकडा आहे. तीस वर्षांच्या माणसाकडे तीस वर्षांचा अनुभव, आवडीनिवडी आणि प्रौढ शरीर असते, आणि त्याच्या देखत त्याच्याविषयी बाळासारखे बोलणे हा त्याचा अपमान आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात ‘वय’ म्हणजे मानसिक वयही धरावे, ही पीडितेच्या हितासाठी केलेली मागणीसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केली नाही.

दिव्यांगत्व प्रमाणपत्रावरील टक्केवारीचा अर्थ लावतानाही घाई होते. ७५ टक्के म्हणजे मेंदूचा तीन चतुर्थांश भाग निकामी, असे अनेक नातेवाईक समजतात. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत सौम्य श्रेणीला ५०, मध्यमला ७५, तीव्रला ९० आणि अतितीव्रला १०० टक्के असे ठरवून दिलेले होते, म्हणजे तो श्रेणीचा संकेत होता. मूल काय शिकू शकेल हे त्यातून कळत नाही. त्यासाठी विशेष शिक्षकाने केलेले मूल्यमापन पाहावे.

वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलाला सरसकट ‘गतिमंद’ किंवा ‘मतिमंद’ म्हणणे चुकीचे आहे. २०१६ च्या कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित यांतली ठरावीक अडचण) आणि स्वमग्नता या दोन्ही ‘बौद्धिक अक्षमता’ या शीर्षकाखालीच मांडल्यामुळे हा गोंधळ वाढतो. तरी अध्ययन अक्षमतेत बुद्ध्यंक बहुधा सर्वसाधारण असतो.

जुन्या कागदपत्रांवर ‘मतिमंदत्व’ असेल, तर ते खोडून नवा शब्द लिहू नये, कारण खाडाखोड झालेला दस्तऐवज नाकारला जाऊ शकतो. अर्जात ‘बौद्धिक अक्षमता, जुन्या प्रमाणपत्रानुसार मतिमंदत्व’ असे दोन्ही लिहावे आणि दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) काढताना नव्या संज्ञेची नोंद झाली आहे ना, हे पडताळावे. नोंदणीकृत शाळेच्या नावात जुना शब्द असेल तर ते नाव तसेच लिहावे लागते. मजकुरात मात्र ‘बौद्धिक अक्षमता असलेले विद्यार्थी’ असे लिहिता येते, आणि तेच लिहावे.