ई-पुस्तकातले नकाशे, तक्ते आणि आकृत्या नीट कशा पाहाव्यात

ई-रीडरवर नुसता मजकूर वाचताना काही अडत नाही. अडतं ते नकाशा, वंशावळ किंवा यंत्राची आकृती आली की. चित्र पानाच्या रुंदीत मावण्यासाठी आकसतं, त्यातली नावं मुंगीच्या पायाएवढी होतात आणि मग सल्ले सुरू होतात: फॉन्ट वाढवा, स्क्रीनशॉट काढून मोठा करा, मोठा ई-रीडर घ्या.

फॉन्ट वाढवण्याचा सल्ला तर सरळ चुकीचा आहे. चित्रातली अक्षरं म्हणजे पिक्सेलचे ठिपके. फॉन्टच्या सेटिंगचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. उलट मजकूर फुगतो आणि आकृती एका पानावर, तिच्याखालची ओळ पुढच्या पानावर जाते. आकृत्यांचं पुस्तक वाचताना फॉन्ट नेहमीपेक्षा एक-दोन पायऱ्या लहानच ठेवा. स्क्रीनशॉटनेही काही साधत नाही. स्क्रीनवर जेवढे पिक्सेल दिसत होते तेवढेच त्यात उतरतात.

१. चित्र पानातून बाहेर काढून उघडा

वाचनाच्या पानावर दोन बोटं फाकवली तर बहुतेक ई-रीडरवर फॉन्टच मोठा होतो, चित्र नाही. आधी चित्र स्वतंत्र उघडावं लागतं. त्यावर लागोपाठ दोनदा टॅप करा. तसं न झाल्यास बोट दाबून धरा. काही यंत्रांवर मग भिंगाची खूण येते, तिच्यावर टॅप करायचं. चित्रालाच लिंक जोडलेली असेल तर साध्या टॅपने तुम्ही भलत्याच पानावर जाता, अशा वेळी दाबून धरणंच बरं.

चित्र स्वतंत्र उघडलं की बोटं फाकवून झूम करा. ई-इंकचा (ई-रीडरवर असतो तो कागदासारखा दिसणारा) पडदा सावकाश बदलतो, म्हणून बोटं एकदा फाकवा, उचला आणि चित्र स्थिर होईपर्यंत थांबा. घाईघाईने पुन्हापुन्हा चिमटे काढलेत तर यंत्र मागे पडतं आणि चित्र भलतीकडे सरकतं.

२. आडवं चित्र आडव्या पडद्यावर

६ इंची, ३०० पीपीआयच्या (म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेलच्या) पडद्यावर साधारण १०७२ × १४४८ पिक्सेल असतात. आडवा नकाशा उभ्या पडद्यावर पाहिला तर त्याला १०७२ पिक्सेलची रुंदी मिळते, पडदा आडवा केला की १४४८. म्हणजे काही न करता जवळजवळ ३५ टक्के मोठं चित्र.

३. झूम करूनही धूसरच दिसतं तेव्हा

खरी गोची इथे आहे, आणि बहुतेक जण इथेच यंत्राला दोष देऊन मोकळे होतात. झूम म्हणजे चित्रात असलेले पिक्सेल मोठे करून दाखवणं. नसलेला तपशील त्यातून निर्माण होत नाही. त्यामुळे आधी एकच प्रश्न सोडवायचा: फाइलमधल्या चित्रात तपशील आहे का? त्याचं उत्तर मिळेपर्यंत कुठलंही सेटिंग बदलू नका.

पुस्तक ईपब (ई-पुस्तकाच्या फाइलचा एक प्रकार) असेल तर तपासणी सोपी आहे. ईपब म्हणजे आतून एक झिप फाइलच असते. तिची एक प्रत काढा (मूळ फाइलला हात लावू नका), नावाच्या शेवटचं ईपब खोडून इंग्रजीत झिप लिहा आणि फाइल उघडा. विंडोजवर नावाचा हा शेवटचा भाग लपवलेला असेल तर आधी तो दिसेल असं सेटिंग करा, नाहीतर नाव बदलल्यासारखं वाटतं पण फाइल ईपबच राहते. आत चित्रांचा फोल्डर सापडेल. त्यातला नकाशा शोधून त्याची रुंदी किती पिक्सेल आहे ते पाहा. कॅलिबर हा ई-पुस्तकं सांभाळण्याचा संगणकावरचा प्रोग्राम वापरत असाल तर एवढाही खटाटोप नको: पुस्तक ‘एडिट बुक’मध्ये उघडा, ‘टूल्स’मधून ‘रिपोर्ट्स’ घ्या आणि ‘इमेजेस’ निवडा. प्रत्येक चित्राचे पिक्सेल एका यादीत दिसतात.

आता आकड्यांचा अर्थ. बारीक नावांचा नकाशा ६०० पिक्सेल रुंद असेल तर विषय संपला. तो १०७२ पिक्सेलच्या पडद्यावर भरतानाच ताणला जातो, पुढे झूम केल्यावर नुसते चौकोन दिसतात. १००० पिक्सेलच्या आसपास ठळक आकृती चालते, नकाशा नाही. दाट नावांच्या नकाशाला किमान २००० पिक्सेल रुंदी हवी असं माझं ठाम मत आहे. चित्र मुळातच लहान असेल तर यंत्र बदलून फरक पडणार नाही. प्रकाशकाला पानाचा संदर्भ आणि पिक्सेलचा आकडा देऊन लिहा. ‘चित्र नीट दिसत नाही’ एवढंच कळवण्यापेक्षा ‘नकाशा फक्त ६०० पिक्सेलचा आहे’ ही तक्रार दुरुस्त करायला सोपी जाते.

पण अनेकदा मूळ फाइलमधलं चित्र उत्तम असतं आणि ई-रीडरवरचं खराब. अशा वेळी पिक्सेल वाटेत गळालेले असतात आणि बहुतेकदा हे काम तुम्हीच केलेल्या रूपांतराचं असतं. कॅलिबरमध्ये पुस्तक रूपांतरित करताना ‘पेज सेटअप’खाली ‘आउटपुट प्रोफाइल’, म्हणजे पुस्तक कुठल्या यंत्रासाठी बनवायचं ते, निवडलेलं असतं. त्या प्रोफाइलच्या पडद्यापेक्षा मोठी असलेली चित्रं कॅलिबर गुपचूप लहान करतं. जुन्या किंडलचं प्रोफाइल ५२५ × ६४० पिक्सेलच्या पडद्यासाठी आहे. ते निवडलेलं राहिलं तर २००० पिक्सेलचा नकाशा थेट ५२५ च्या आत येतो. कुठलीही सूचना येत नाही, पानावर चित्र बऱ्यापैकी दिसतं, आणि झूम केल्यावरच नुकसान कळतं. तोवर मूळ फाइल पुसून टाकलेली असेल तर तो तपशील परत मिळत नाही. म्हणून चित्रांच्या पुस्तकाची मूळ फाइल कधीही पुसू नका.

उपाय: आउटपुट प्रोफाइल ‘टॅबलेट’ ठेवा, त्यात चित्रं लहान केली जात नाहीत. तुमचं यंत्र साधं ई-इंकचं असलं तरी हेच ठेवा. नाव पाहून बिचकू नका. किंडलसाठी रूपांतर करताना मोबी हा जुना फाइल-प्रकार टाळा, एझेडडब्ल्यू३ घ्या. मोबी बनवताना कॅलिबर मुळात सगळी चित्रं जेपेगमध्ये बदलतं, आणि रेषांच्या आकृतीला जेपेग मानवत नाही: अक्षरांच्या कडेला करडे डाग उठतात. कोबोसारखी यंत्रं ईपब थेट वाचतात, तिथे रूपांतराचीच गरज नसते. ‘सगळं एकाच फॉरमॅटमध्ये करून ठेवा’ हा सल्ला चित्रांच्या पुस्तकांचा घात करतो. रूपांतर केलंच तर नव्या फाइलमधले पिक्सेल पुन्हा तपासा.

विकत घेतलेल्या पुस्तकाला नक्कल रोखणारं कुलूप (डीआरएम) असेल तर आतली चित्रं अशी पाहता येत नाहीत. मग तेच पुस्तक त्याच खात्यावरून फोन किंवा टॅबलेटच्या अ‍ॅपमध्ये उघडा आणि नकाशातलं एकच बारीक नाव दोन्हीकडे झूम करून पाहा. फोनवर ते वाचता आलं तर चित्रात तपशील आहे. दोन्हीकडे सारखंच धूसर असेल तर तुम्हाला मिळालेली फाइलच तशी आहे.

४. रंग आणि काळी पार्श्वभूमी

काळ्या-पांढऱ्या ई-इंकवर करड्याच्या १६ छटा दिसतात. छापील आलेखात लाल आणि हिरवी रेघ ठसठशीत वेगळी असली तरी दोन्हींची गडदपणाची पातळी सारखी असेल तर इथे त्या एकच होतात. झूमने हे सुटत नाही, रंगीत पडद्यावरच पाहावं लागतं. कॅलिडो ३ जातीच्या रंगीत ई-इंकवर काळा मजकूर ३०० पीपीआयने दिसतो, रंग मात्र १५० पीपीआयने. शिवाय रंगाच्या गाळणीमुळे पडदा थोडा काळवंडतो, म्हणून चित्र पाहताना पडद्याचा दिवा वाढवा.

डार्क मोडमध्ये आकृती गायब झाली तर घाबरू नका. पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्रात फक्त काळ्या रेषा असतात आणि काळ्या पानावर त्या दिसत नाहीत. डार्क मोड बंद करा. मागच्या पानाची पुसट सावली चित्रावर दिसत असेल तर सेटिंगमध्ये दर पानाला पूर्ण रिफ्रेश चालू करा. बॅटरी जरा जास्त जाईल, जाऊ द्या.

५. पीडीएफ

इथे चित्रासकट अख्खं पान आकसतं. ए४ कागदाचं पान ६ इंची पडद्यावर बसवलं तर त्याचं माप सुमारे ४१ टक्के होतं, म्हणजे १० पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं दिसतं. पडदा आडवा करून रुंदी भरली तर ते सुमारे ६ पॉइंटवर येतं, आणि दोन्ही बाजूंचा एकेक इंची समास कापला तर साडेसातच्या वर जातं. तेवढ्यावर वाचता येतं. याउपरही तक्ता वाचता येत नसेल तर तो टॅबलेटवर उघडा.

६. नकाशा सतत लागत असेल तर

नकाशाच्या पानावर बुकमार्क टाकून ये-जा करता येते, पण फोनवर नकाशा उघडा ठेवून ई-रीडरवर मजकूर वाचणं कितीतरी सोयीचं. एक काळजी घ्या. नकाशा पुस्तकाच्या शेवटी असेल तर तेच ‘सर्वांत पुढचं वाचलेलं पान’ म्हणून सिंक होतं आणि ई-रीडर तिकडे जायचं का असं विचारतो. ‘नाही’ म्हणा, किंवा ते पुस्तक संपेपर्यंत फोनवरचं सिंक बंद ठेवा.