महामारीच्या काळात गरोदर आरोग्य कर्मचाऱ्यांनी ड्यूटी कशी सांभाळावी

तिसरा महिना उलटेपर्यंत दिवस गेल्याची वाच्यता करू नये, ही रीत बेळगाव, खानापूर, निपाणीपासून पलीकडे चंदगड-गडहिंग्लजपर्यंत बहुतेक घरांत पाळली जाते आणि घरापुरती ती पाळण्यात काही बिघडत नाही. परंतु रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या स्त्रीने ती कामाच्या ठिकाणीही पाळली, तर ज्या आठवड्यांत गर्भाचे अवयव घडत असतात नेमक्या त्याच आठवड्यांत ती एक्स-रेच्या खोलीत रुग्णाला धरून उभी राहते, कर्करोगाची औषधे सलाईनमध्ये मिसळते किंवा साथीच्या दिवसांत तापाच्या वॉर्डात रात्रपाळी करते, कारण तिला तेथे पाठवू नये हे ड्यूटी लावणाऱ्याला ठाऊकच नसते. म्हणून गर्भधारणेची चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर त्याच आठवड्यात निदान एका व्यक्तीला, म्हणजे इन्चार्ज सिस्टर, मेट्रन किंवा वैद्यकीय अधिकारी यांपैकी जो कोणी ड्यूटीचा तक्ता करतो त्याला, सांगावे आणि ही गोष्ट तूर्त त्यांच्यापाशीच ठेवावी अशी स्पष्ट विनंती करावी. सासरच्या गोतावळ्याला कधी कळवायचे, ते घरच्यांनी सवडीने ठरवावे.

तोंडी सांगणे पुरेसे नाही. साथीच्या धांदलीत तक्ता करणारी व्यक्ती बदलते, नवीन इन्चार्ज येतात आणि तोंडी दिलेला शब्द हवेत विरतो. एका पानाचा अर्ज द्यावा, सोबत गर्भधारणेचा दाखला जोडावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन ती पोच घरी जपून ठेवावी. अर्जाचा मजकूर लांबवू नये. "मी गरोदर असून प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक आहे. मी काम करण्यास तयार आहे, परंतु संसर्गाचा थेट धोका असलेल्या कक्षाऐवजी पुढीलपैकी कोणत्याही कामावर माझी नेमणूक करावी, ही विनंती," इतके लिहून खाली तीन-चार पर्यायी कामे मांडावीत. नुसते "मला तेथे टाकू नका" असे लिहिलेला अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून राहतो. कोठे टाकावे हेही लिहिलेले असेल तर तो लवकर सुटतो. सीमाभागातला भाषेचा प्रश्न मोठा आहे आणि तो अशा अर्जावर सुटणार नाही, तेव्हा वरचे साहेब ज्या भाषेत वाचून त्याच दिवशी सही करतील त्या भाषेत, बहुधा कन्नडमध्ये, अर्ज द्यावा आणि गरज पडल्यास सहकाऱ्याकडून लिहून घ्यावा.

रजेपेक्षा ड्यूटीतला बदल महत्त्वाचा

घरचे लोक, विशेषतः सासूबाई आणि आई, एकच सल्ला देतात की रजा टाक आणि घरी बस. त्यामागची काळजी खरी असली तरी रजेचा हिशेब तसा बसत नाही. प्रसूती लाभाच्या 1961 च्या कायद्यात 2017 मध्ये झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा ठरवली, परंतु त्यांपैकी जास्तीत जास्त आठच आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. म्हणजे आधीचे सहा-सात महिने या रजेच्या बाहेरच राहतात आणि त्या महिन्यांत जो काही बचाव करायचा, तो कामाची जागा बदलूनच करावा लागतो. त्याच कायद्यात, आणि नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही, आणखी एक तरतूद आहे, जी फारशी कोणी मागत नाही: अपेक्षित प्रसूतीच्या साधारण दहा आठवडे आधीपासून, स्त्रीने विनंती केल्यास, तिला कष्टाचे किंवा तासन्‌तास उभे राहण्याचे काम देता येत नाही. विनंती केल्यास, हे शब्द लक्षात ठेवावेत. न मागता ही सवलत आपोआप मिळत नाही.

कोविडच्या काळात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे 2020 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी सूचना काढल्या होत्या. गरोदर, स्तनदा किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या कर्मचाऱ्यांनी आपली स्थिती रुग्णालय प्रशासनाला कळवावी, म्हणजे त्यांची नेमणूक फक्त कोविडेतर विभागात करता येईल, असे त्यांत म्हटले होते. कळवण्याची जबाबदारी तेथेही कर्मचाऱ्यावरच होती. पुढे एखादी नवीन साथ आल्यास अशा सूचना पुन्हा निघतील. त्या पहिल्याच आठवड्यात शोधून, छापून अर्जाला जोडाव्यात.

कोणाला काय लागू होते, हेही पाहून घ्यावे. कायम सरकारी नोकरीतल्या सिस्टरचा प्रश्न सेवानियमांनी सुटतो. कंत्राटी आणि रोजंदारीवरील स्त्रियांनाही प्रसूती लाभ नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदार कामगार स्त्रियांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. खाजगी रुग्णालयात पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर रजेचा पगार ईएसआयकडून मिळतो. खरी अडचण होते ती तालुक्याच्या गावातील लहानशा नर्सिंग होममध्ये, जेथे दहाहून कमी माणसे कामावर असतात, आणि आशाताईंची, कारण त्या सरकारच्या लेखी मानधनावरील स्वयंसेविका आहेत. आशाताईंनी पहिल्या अपत्याच्या वेळी मातृवंदना योजनेचा 5,000 रुपयांचा लाभ घ्यावा, तो त्यांना मिळतो. आणि घरोघरच्या सर्वेक्षणाऐवजी केंद्रावरील नोंदणीचे काम मागताना एकटीने न जाता इतर आशांना सोबत घेऊन जावे.

कोणते काम टाळावे, कोणते मागून घ्यावे

श्वासातून पसरणाऱ्या रोगात सगळ्यांत मोठा धोका बंद खोलीतील हवेत असतो. रुग्णाच्या घशात नळी घालणे, सक्शन, नेब्युलायझर, स्वॅब घेणे, छाती दाबून हृदयक्रिया सुरू करणे, या कामांत रोगाचे कण हवेत सर्वाधिक उडतात, म्हणून गरोदर स्त्रीने ती कोणत्याही महिन्यात करू नयेत. वॉर्ड साधा म्हणवत असला, तरी तापाच्या बाह्यरुग्ण विभागात खिडक्या बंद ठेवून तीन तास बसणे हे उघड्या व्हरांड्यात लस टोचण्यापेक्षा अधिक धोक्याचे असते. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने कोविडच्या काळात 28 आठवडे पूर्ण झाल्यावर रुग्णांशी थेट संपर्क टाळण्याचा सल्ला दिला होता. शेवटच्या तीन महिन्यांत वाढलेल्या गर्भाशयामुळे फुप्फुसांना जागा कमी पडते आणि त्याच काळात आजार अधिक गंभीर होतो, हे त्यामागचे कारण आहे.

मागून घेण्यासारखी कामे आपल्या भागात पुष्कळ आहेत. घरी विलगीकरणात असलेल्या रुग्णांना रोज फोन करून ताप, ऑक्सिजन आणि धाप विचारणे हे त्यांतले सर्वांत उपयोगाचे. निपाणी, खानापूर, कागवाड या पट्ट्यातील वयस्कर मराठी माणसाला कंट्रोल रूममधून कन्नडमध्ये फोन आला, की तो "हां, बरं आहे" म्हणून ठेवून देतो, मग धाप लागलेली असो वा नसो. दोन्ही भाषा येणारी सिस्टर त्याला "आजोबा, संडासापर्यंत चालत गेल्यावर दम लागतो का?" असे विचारू शकते आणि त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर रुग्ण वेळेत रुग्णालयात पोहोचतो. अर्जात हे आवर्जून लिहावे. लसींच्या शीतसाखळीची नोंद, औषधसाठा, अहवाल भरणे, कोविडेतर प्रसूतीपूर्व तपासणी, ही इतर कामे. रात्रपाळ्या सलग लागू नयेत, हेही त्याच कागदावर मागावे.

किट घालावेच लागले तर

लहान केंद्रात माणसे अपुरी असतात आणि ठरलेले नेहमी पाळले जात नाही, म्हणून संसर्गापासून वाचवणाऱ्या पीपीई किटबद्दल थोडे सविस्तर लिहितो. पाचव्या महिन्यानंतर नेहमीच्या मापाचा कव्हरऑल (किटमधला अंगभर झाकणारा पोशाख) पोटावर ताणला जातो, चेन वर चढत नाही, आणि चढली तरी खाली बसताना शिवण उसवते. तेव्हा एक माप मोठा मागावा आणि लोंबणारी बाही मनगटावर चिकटपट्टीने बसवावी. एन-95 मास्क घातल्यावर दोन्ही तळहात त्यावर धरून जोराने श्वास सोडावा. नाकाच्या बाजूने हवा सुटत असेल, तर पट्टी पुन्हा दाबून बसवावी. गरोदरपणात एरवीही दम लागतो, मास्कमध्ये तो जास्त जाणवतो. डोके हलके होत असेल, तर ओशाळे न होता बाहेर पडावे.

किट काढताना खरी कसोटी लागते. बुटांची आवरणे काढायला वाकावे लागते, सातव्या महिन्यात ते जमत नाही, आणि एका पायावर उभे राहून ओढाताण केली, तर हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने ओल्या झालेल्या फरशीवर पाय घसरतो. त्या जागी एक प्लॅस्टिकची खुर्ची कायम ठेवून घ्यावी, बसूनच आवरणे काढावीत आणि समोर एक सहकारी उभी ठेवावी, म्हणजे घाईत हात चेहऱ्याकडे गेला तर ती टोकेल. मास्क सर्वांत शेवटी, खोलीबाहेर आल्यावर काढावा आणि लगेच हात धुवावेत. हायपोक्लोराइट कालवण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये तर ते कोणीच कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी न पिणे, ही सवय वॉर्डात मुरलेली आहे आणि गरोदरपणात ती घातक ठरते, कारण त्यातून लघवीचा संसर्ग होतो आणि त्यातून वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. अथणी-चिकोडीकडच्या एप्रिलच्या उन्हात तर किटमध्ये अंग भिजून निघते. म्हणून किटमधली पाळी लहान तुकड्यांत मागावी आणि घालण्यापूर्वी व काढल्यावर भरपूर पाणी प्यावे.

लस, औषधे आणि आजारपण

16 जानेवारी 2021 रोजी कोविड लसीकरण सुरू झाले, तेव्हा आरोग्य कर्मचारी पहिल्या रांगेत होते. मात्र गरोदर व स्तनदा स्त्रियांना त्या रांगेतून बाजूला काढण्यात आले. स्तनदा मातांना मे महिन्यात परवानगी मिळाली आणि गरोदर स्त्रियांना 2 जुलैला, म्हणजे दुसऱ्या लाटेचा कहर ओसरल्यावर. तेव्हा लस येईल या भरवशावर कामाची जागा बदलण्याचे पुढे ढकलू नये, आणि परवानगी मिळाल्यावर मात्र ती घेण्यात दिरंगाई करू नये. गोवर-रुबेला किंवा कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूच्या लसी गरोदरपणात देत नाहीत. फ्लूची निष्क्रिय लस देतात.

वॉर्डात हाताशी औषधे असल्यामुळे स्वतःच गोळी घेण्याचा मोह आपल्या लोकांना अधिक असतो. कोविडमध्ये सरसकट वाटले गेलेले फॅव्हिपिराविर गरोदरपणात निषिद्ध आहे, डॉक्सिसायक्लिनही टाळायचे असते, आणि अंगदुखीवर आयबुप्रोफेन विसाव्या आठवड्यानंतर घेऊ नये. तापावर पॅरासिटामॉल चालते आणि ते घ्यावे, कारण ताप अंगावर काढणेही गर्भाला बरे नाही. ऑक्सिजन 95 च्या खाली आला, दम वाढला, बाळाची हालचाल मंदावली किंवा पायाची एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच तासाला दाखवावे. वॉर्ड ओळखीचा आहे म्हणून घरी ऑक्सिजन लावून बसू नये. 108 ला फोन करावा. नुसता सल्ला हवा असेल, तर कर्नाटकात 104 आहे.

हद्द ओलांडून माहेरी जायचे असेल तर

पहिले बाळंतपण माहेरी, आणि आपल्याकडे माहेर बहुधा हद्दीच्या पलीकडे असते. एरवी बाचीहून शिनोळीला जाताना राज्य बदलल्याचे जाणवतही नाही, पण 2021 मध्ये कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे 72 तासांच्या आतील निगेटिव्ह आरटी-पीसीआर अहवाल मागितला जात होता, आणि अवघडलेल्या बाईला गाडीत बसून खोळंबावे लागणे ही साधी गोष्ट नाही. म्हणून कोठे बाळंत व्हायचे, ते सातव्या महिन्यापूर्वीच पक्के करावे. जायचे ठरले, तर तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर मातेला मिळणारे नोंदणी कार्ड), सोनोग्राफीचे आणि रक्ताचे सर्व अहवाल, रक्तगट आणि औषधांची चिठ्ठी यांच्या दोन-दोन झेरॉक्स सोबत घ्याव्यात आणि तिकडच्या आशाताईंकडे पोहोचल्याबरोबर नाव घालावे, कारण इकडची नोंद तिकडे आपोआप दिसेल असे धरून चालता येत नाही. मिरज किंवा कोल्हापूरच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपण करायचे असेल, तर आधी एकदा तरी तेथे तपासणी करून नाव लावलेले असावे. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत, बाळ जेथे जन्मले तेथेच होते. दाखला घेऊनच परत यावे, नाहीतर त्यासाठी नवऱ्याला पुन्हा नाका ओलांडावा लागतो.

डोहाळेजेवणाबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. ते अंगणात, मोजक्या बायकांत आणि संध्याकाळच्या वाऱ्याला करावे, एवढे घरच्यांकडून कबूल करून घ्यावे.

प्रसूतीनंतर पहिले सहा आठवडे कामावर बोलावण्यास कायद्यानेच मनाई आहे, मग वॉर्डात माणसे कितीही कमी असोत. त्या काळात संसर्ग झालाच, तरी कोविडसारख्या रोगात अंगावरचे दूध तोडण्याची गरज नसते. हात धुऊन, मास्क लावून पाजावे. कामावर रुजू होताना, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोन वेळा पाजण्याची सुट्टी मिळते, ती रुजू होण्याच्या अर्जातच लिहून मागावी आणि त्याही अर्जाची पोच घ्यावी.