बंद पडलेला कॉम्प्युटर: आधी फाइली, मग दुरुस्ती

कॉम्प्युटर सुरू होईनासा झाला की इंदूरच्या बाजारात दुकानदाराचा पहिला प्रश्न बहुधा "विंडो डाल दें?" (म्हणजे विंडोज नव्याने घालू का?) हाच असतो, आणि काम लवकर उरकावे म्हणून आपणही मान डोलावतो. त्या होकाराने मशीन संध्याकाळपर्यंत चालू होते खरे, पण सी ड्राइव्हवरची कागदपत्रे, डेस्कटॉपवर ठेवलेला गणेशोत्सवाचा हिशेब आणि मुलांचे फोटो बहुतेक वेळा त्यातच पुसले जातात. मशीन चालू करणे आणि फाइली वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे आधी करावे आणि ते हातावेगळे झाल्याशिवाय पहिल्याला हात लावू नये.

मशीन सुरू न होणे म्हणजे फाइली नष्ट होणे नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, पण त्यांच्या डिस्कवरचा मजकूर जागच्या जागी होता.

प्रथम बिघाड कोठे आहे ते ओळखावे. बटण दाबूनही दिवा लागत नसेल तर दोष बहुधा वीजपुरवठ्यात असतो. अशा वेळी दुसरा चार्जर किंवा डेस्कटॉप असल्यास दुसरा एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, लावून पाहावा. लॅपटॉपचा चार्जर आणि निघत असेल तर बॅटरीही काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, मग पुन्हा सुरू करून पाहावे. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो किंवा बीप ऐकू येतात, तेव्हा रॅमवर, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीवर, संशय घ्यावा: वीज पूर्ण तोडून रॅम बाहेर काढावी, तिची सोनेरी कड स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसावी आणि कट्कन आवाज येईपर्यंत ती पुन्हा बसवावी. कंपनीचे चिन्ह दिसते, पण घड्याळात भलतीच जुनी तारीख आहे, असे असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तो संपला की बायोसमधली, म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन जागे करणाऱ्या प्रोग्रॅममधली, मांडणी मूळपदावर जाते, त्यात कधी डिस्कशी बोलण्याचा एएचसीआय किंवा रेड हा प्रकारही बदलतो, आणि धडधाकट विंडोज सुरू होईनासे होते. एवढ्याशा सेलपायी अख्खे मशीन फॉरमॅट करून घेणारे लोक कमी नाहीत.

डिस्क बायोसमध्ये दिसते की नाही, हे यानंतर पाहावे. दिसत नसेल तर डेस्कटॉपमध्ये डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदलून पाहावी. हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा ठरावीक आवाज येत असेल, तर मात्र त्याच क्षणी वीज बंद करावी. आतल्या तबकड्यांवर फिरणारे हेड बिघडल्याची ती खूण असते, आणि प्रत्येक वेळी सुरू करून पाहण्याने तबकडीवर ओरखडे वाढत जातात. अशी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला देणारे अजून भेटतात. तो मुळीच मानू नये. हे काम धूळविरहित कक्षात डिस्क उघडणाऱ्या व्यावसायिकांचे आहे, आणि ते महाग असते.

आवाज ठीक असेल तर फाइली घरीच काढता येतात. त्यासाठी दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या विनामूल्य प्रणालीची आयएसओ फाइल (तिची पूर्ण प्रत) डाउनलोड करावी आणि रुफस या विनामूल्य साधनाने ती किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवावी. त्या पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे जाते, म्हणून रिकामाच घ्यावा. तो बंद मशीनला लावून सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबत राहावे: डेल आणि लेनोवोत बहुधा एफ १२, एचपीत एफ ९, आसुसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप. मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालते आणि डेस्कटॉपवर ते इन्स्टॉल करण्याचे जे चिन्ह दिसते त्याला हात लावला नाही, तर आतल्या डिस्कवर काहीही लिहीत नाही. फाइल मॅनेजरमध्ये विंडोजची डिस्क दिसते. ती केवळ वाचण्यापुरती उघडली तरी बिघडत नाही, कारण आपल्याला वाचायचेच आहे.

डिस्क कुलूपबंद असून किल्ली मागत असेल तर ती बिटलॉकर या विंडोजच्याच कुलपाने बंद केलेली असते, आणि नव्या लॅपटॉपमध्ये हे मालकाच्या नकळतही झालेले असते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते; फोनवरून त्या खात्यात शिरून ती उतरवून घ्यावी. ही की नसेल तर दुकानदारही काही करू शकत नाही.

आता काय काय उचलायचे. यूझर्स फोल्डरमधला आपल्या नावाचा पूर्ण फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावा, म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स त्यात आपोआप येतात. वनड्राइव्ह वापरत असाल तर काही फाइलींची इथे नुसती नावे असतात आणि मजकूर इंटरनेटवर असतो. त्या फाइली वनड्राइव्हच्या संकेतस्थळावरून घ्याव्यात. दुकानाचा हिशेब टॅलीत असेल तर त्याचा डेटा अनेकदा यूझर्समधल्या पब्लिक या फोल्डरखाली असतो आणि नेमका तोच घाईत राहून जातो. याहून सहज विसरली जाणारी गोष्ट म्हणजे फॉन्ट. इंदूरच्या मराठी मंडळांचे जुने अहवाल, स्मरणिका, घराण्याच्या वंशावळी श्रीलिपी किंवा तत्सम युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात, तर कचेरीचे हिंदी कागद कृतिदेवमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते आणि फाइल बिघडली असे वाटते. म्हणून विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्स हा फोल्डरही संपूर्ण उचलून ठेवावा. कॉपी झाल्यावर दोन-चार फोटो, एखादा मजकूर आणि एखादी हिशेबाची फाइल प्रत्यक्ष उघडून पाहावी. नुसते आकडे जुळले म्हणून विश्वास ठेवू नये.

कॉपी वारंवार अडकत असेल, एका फाइलीपाशी मिनिटेच्या मिनिटे थांबत असेल, तर डिस्क थकली आहे. मिंटमधल्या डिस्क्स या साधनात डिस्कच्या तब्येतीचा स्मार्ट अहवाल असतो. त्यात रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे (बिघडलेल्या किंवा संशयास्पद जागांचे) आकडे वाढलेले दिसले की फाइली एकेक करून ओढण्याऐवजी डीडीरेस्क्यू या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी. ते आधी चांगला भाग उचलते, खराब जागा शेवटी ठेवते आणि काय झाले, काय उरले याची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवते, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी पुन्हा तेथूनच सुरुवात करता येते. अशा डिस्कवर चेकडिस्क हे विंडोजचे तपासणी-साधन चालवणे घातक ठरते, कारण ते फाइलींची मांडणीच बदलून टाकते.

कोणी आधीच फॉरमॅट मारले असेल तर त्या डिस्कवर पुढे काहीही लिहू नये आणि फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधणारे साधन चालवून पाहावे. फाइली मिळतात, पण नावांशिवाय. एसएसडी, म्हणजे तबकड्यांऐवजी चिप असलेली डिस्क, असेल तर पुसलेल्या जागा आपोआप रिकाम्या करणाऱ्या ट्रिममुळे आशा फारच कमी.

फाइली हाती आल्यावर दुरुस्ती निर्धास्तपणे करता येते. विंडोज सुरू होता होता दोन-तीन वेळा पॉवरचे बटण दाबून धरून बंद केले की दुरुस्तीचा पडदा येतो. त्यात आधी स्टार्टअप रिपेअर, त्याने न भागल्यास शेवटचे अपडेट काढून टाकणे, मग सिस्टिम रिस्टोअर हा क्रम ठेवावा. 'माझ्या फाइली ठेवा' म्हणणारा रीसेट फाइली ठेवतो, पण टॅली आणि श्रीलिपीसारखे प्रोग्रॅम काढून टाकतो, हे ध्यानात असू द्यावे. स्मार्ट अहवाल वाईट असेल तर या खटाटोपात न पडता नवी एसएसडी घालावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसलेल्या जुन्या मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा मशीनवर मिंटच कायमचे बसवावे, त्यात मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलकही आहे.

मशीन दुकानात द्यावेच लागले तर पावतीवर हिंदीतच लिहून घ्यावे: "डेटा चाहिए, फॉर्मेट नहीं करना है।" आणि बदललेली जुनी डिस्क मागून परत आणावी, तिच्यावर बँकेची आणि आधारची कागदपत्रे असतात. टाकायचीच झाली तर हार्ड डिस्कच्या तबकड्या आणि एसएसडीच्या चिप आधी निकामी कराव्यात. मग ती घरी येणाऱ्या कचरागाडीच्या ई-कचऱ्याच्या कप्प्यात द्यावी.