घरात एकाला मांजर हवं, दुसऱ्याला नको : मग आणायचं कसं?

"गुपचूप आणून ठेवा, चार दिवसांत लळा लागतो." हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. लळा लागला नाही की ते पिल्लू परत कुठे जातं, हे त्यांना माहीत नसतं. ते माझ्याकडे येतं. सोलापुरात मी रस्त्यावरची पिल्लं उचलते, सांभाळते आणि घर बघून देते. परत आलेल्या पिल्लांची कहाणी बहुतेक वेळा तीच असते: वाढदिवसाची गंमत म्हणून नेलं, बायकोने दार उघडलं तर पिशवीत मांजर. तिथून पुढचं भांडण मांजरावरून राहतच नाही, "मला विचारलं का नाही" यावरून होतं. न विचारता आणायचंच असं ठरलं असेल, तर पुढचं वाचून तुमचा वेळ घालवू नका.

घर भाड्याचं असेल तर आधी घरमालकाला विचारून घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये नवं मांजर आणू नका. पारा चाळिशीच्या वर, पत्र्याखाली भट्टी, माणसं आधीच वैतागलेली. अशा वेळी कुठल्याच जनावराचं स्वागत होत नाही.

नकार नेमका कशाला आहे?

सगळं गाडं इथे अडतं. मलाही हा टप्पा जमायला बरीच वर्षं लागली, कारण तोंडावर येणारं कारण आणि पोटातलं कारण सहसा एक नसतं.

"मांजर-गिंजर काही नको." एवढ्यावर बोलणं संपतं. त्यावर "का नको?" असं विचारलंत की समोरचं माणूस आपली बाजू लढवायला बसतं आणि हाताला लागेल ते कारण फेकतं. केस पडतात, वास येतो, अपशकून होतो, दूध पितं. तुम्ही एकेक खोडून काढता, आणि शेवटी वाद जिंकलेला असतो, मांजर मात्र आलेलं नसतं.

प्रश्न बदला. "मांजर आलं तर तुझ्या दिवसात काय काय बदलेल?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. मधे बोलू नका, "ते मी करीन गं" असं तर मुळीच नाही. आलेलं उत्तर त्या दिवशी खोडायचं नाही. दोन दिवस जाऊ द्या. नळाला पाणी येण्याच्या दिवशी हा विषय काढू नका. चार-पाच दिवसांचं पाणी भरून थकलेल्या माणसाला मांजर नकोच असतं, बरोबरच आहे.

जुळे सोलापुरातलं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. ताईंचं म्हणणं, "केस पडतात." वरचा प्रश्न विचारला तेव्हा थोडं थांबून म्हणाल्या, "हे आठला जातात, रात्री येतात. मधे त्याची शी कोण काढणार? भरून ठेवलेल्या पाण्यातून ते पण मीच धुवायचं का?" केसांचा विषय तिथेच संपला. नवरा टाइल्सकडे बघत बसला होता.

माझं ठाम मत सांगते: दहांतले आठ नकार असेच असतात. मांजर नको असं नाही, आणखी एक काम नको. ते काम बोलण्याने हलकं होत नाही. म्हणून मी एक अट घालते. मांजर ज्याला हवंय त्याने आधी पंधरा दिवस रोज सकाळी चहाच्या आधी घरातला ओला कचरा बाहेर काढायचा आणि डबा विसळून ठेवायचा. न सांगता, न सांगून दाखवता. मांजर ज्यात शी-शू करतं ती वाळू साफ करण्याची वेळ तीच आणि काम त्याच जातीचं. ज्याला हे पंधरा दिवस जमत नाही त्याला मी पिल्लू देत नाही. त्याने कितीही गोड बोलावं.

पाण्याचं म्हणाल, तर गुठळी होणारी तयार वाळू घ्या. सकाळ-संध्याकाळ चाळणीच्या चमच्याने गोळे काढायचे, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचे. ट्रे रोज धुवावा लागत नाही, महिन्यातून एक-दोनदा सगळी वाळू बदलताना धुतला की पुरतो. ही वाळू संडासात ओतू नका, पाइप तुंबतो आणि मग प्लंबरसमोर तुम्हाला कोणी वाचवणार नाही.

आता उरलेली दोन मोठी कारणं. इथे घाई करणाऱ्यांवर माझा विशेष राग आहे.

पहिलं, ॲलर्जी. "आखूड केसांचं मांजर घ्या, काही होत नाही" हे साफ चूक. ॲलर्जी केसांची नसते. ती मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनाची असते. मांजर अंग चाटतं, ते वाळतं आणि बारीक कण होऊन हवेत तरंगतं. मांजर गेल्यावरही ते कण घरात कित्येक महिने राहतात. म्हणून आणून बघू, नाही जमलं तर परत देऊ, हा प्रयोग स्वतःच्या घरात करायचा नाही. मांजर असलेल्या ओळखीच्या घरी दोघांनी तीन-चार वेळा जा, दर वेळी तास-दोन तास बसा, गादीवर, पडद्याजवळ. शिंका, डोळ्यांना खाज, छातीत घरघर, जे होईल ते डॉक्टरांना सांगा. नवऱ्याला किंवा बायकोला दमा असेल आणि त्या घरी श्वास लागला, तर विषय संपला. गोळ्या घेऊन मांजर पाळा असं मी कोणाला सांगत नाही.

दुसरं, गरोदरपण. सासरचे "मांजराने बाळाला त्रास होतो" म्हणतात तेव्हा त्यांना हसू नका, त्यात तथ्य आहे, फक्त अर्धं. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या शीतून पसरू शकतो. पण बाहेर पडल्यावर तो संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून वाळू रोजच्या रोज साफ झाली की धोका पुष्कळ कमी होतो. ती साफ गरोदर बाईने करायची नाही, घरातल्या दुसऱ्या माणसाने करायची. शिवाय कच्चं-अर्धं शिजलेलं मटण आणि बागेतली माती यांतूनही हा संसर्ग होतो, हे त्या घरात कोणी बोलत नाही. तरीही डॉक्टरांशी बोलून, शक्यतो बाळंतपणानंतरच नवं मांजर आणा.

बाकीची कारणं लहान आहेत. एक मात्र सोलापूरचं म्हणून सांगते. आपल्याकडे अनेक घरांत बाई घरी बसून टॉवेल-चादरींच्या कडा शिवते किंवा विड्या वळते. ती "नको" म्हणाली तर ती हट्टी नाही, तिचा माल खराब होण्याची तिला भीती आहे. केस लागलेला टॉवेल कारखानदार परत करतो. आणि मांजराच्या बाजूनेही बघा: गिळलेला दोरा आतड्यात अडकून जीव जातो, आणि सुपातली तंबाखू मांजराला विषारी असते. काम करायच्या खोलीला दार असेल आणि ते दार बंद राहणार असेल तरच हो म्हणा. एका खोलीच्या घरात हे जमत नाही, तिथे मी सरळ नाही सांगते.

शाकाहारी घरात "मांजराला दूध-पोळी घालू" असं कोणी म्हटलं की मी पिल्लू परत टोपलीत ठेवते. मांजराला मांसातलं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतंच. ते मिळालं नाही तर डोळे आणि हृदय खराब होतं. गाईच्या दुधाने पूर्ण वाढलेल्या बऱ्याच मांजरांना हगवण लागते. मांस शिजवणं घरात चालत नसेल तर तयार कोरडं खाद्य हा मधला रस्ता आहे, पण त्यात मांस-मासळी असते हे सासूबाईंना आधी सांगा. पाकिटावरचं नंतर वाचून कळलं तर जास्त बिघडतं. साधारण चार किलोच्या मांजराला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे महिन्याला दीड-दोन किलो. त्या हिशोबाने दुकानात भाव विचारून खर्च आधीच मांडा.

अपशकुनावर वाद घालू नका. घरातलं मांजर दिवसातून पन्नास वेळा आडवं जातं, माणूस आपोआप मोजायचं सोडतो.

तीन आठवडे सांभाळायला आणा

दत्तक घेऊ नका, सांभाळायला न्या. पिल्लू देणारा याला तयार नसेल तर दुसरा बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन आठवड्यांनंतरच्या तारखेवर गोल करा. त्या दिवशी नको म्हणणाऱ्याने एकच शब्द सांगायचा, हो किंवा नाही, आणि कारण विचारायचं नाही. मुलांना "आता हे आपलंच" असं आधी सांगून ठेवू नका. रडणाऱ्या पोरांना पुढे करून मिळवलेला होकार दोन महिने टिकतो.

तीन आठवडे अशासाठी, की पहिले दोन-तीन दिवस मांजर कपाटाखालीच असतं. त्यावरून कोणाला काहीच कळत नाही.

पिल्लाऐवजी दीड-दोन वर्षांचं शांत मांजर न्या. पिल्लू पडद्यावर चढतं, पहाटे चारला पायांवर झडप घालतं आणि विरोधकाच्या हातात आयता पुरावा देतं. पिल्लूच हवं असेल तर आठ आठवड्यांच्या आतलं कोणी दिलं तरी घेऊ नका.

झोपायची खोली मांजर नको म्हणणाऱ्याची, मांजराची नाही. रात्री दाराबाहेर ओरडलं तरी दार उघडायचं नाही. एकदा उघडलंत की रोज उघडावं लागेल.

मांजर बऱ्याचदा त्याच माणसाजवळ जाऊन बसतं जे त्याच्याकडे बघत नाही. टक लावून बघणं त्याला धमकी वाटते, म्हणून दुर्लक्ष करणारा त्याला सुरक्षित वाटतो. नवरोबांच्या मांडीवर ते जाऊन बसलं तर "बघा, आवडायला लागलं की ओ" असं म्हणू नका. फोटो काढू नका, नणंदेला पाठवू नका. चिडवलेलं माणूस मांडीवरून मांजर उतरवतं.

होकार आल्यावर

पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावर पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी तिचा दुसरा डोस, तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची. जंताचं औषध डॉक्टर वजन बघून देतील. तापासाठी घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, मांजर मरतं. गॅलरीला जाळी लावा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दारूकामाच्या रात्री होम मैदानाजवळ राहत असाल तर खिडक्या बंद ठेवा, दिवाळीतही तेच.

लसीच्या आणि नसबंदीच्या तारखा ज्याला मांजर हवं होतं त्यानेच लक्षात ठेवायच्या. नसबंदी पाच-सहा महिन्यांचं होताच करून घ्या, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. मांजरी त्या वयात गाभण राहू शकते, आणि त्यानंतर साधारण ६३ ते ६५ दिवसांत कपाटात चार पिल्लं असतात. त्या दिवशी बायको जे बोलेल त्यावर माझ्याकडे फोन करू नका.