राखाडी निळी शाई रोजच्या लिखाणात चालेल का? घरच्या घरी परीक्षा

निळी किंवा काळी शाई कुठल्याही फाउंटन पेनात, कुठल्याही कागदावर साधारण तीच दिसते. राखाडी निळ्या शाईचं तसं नाही. पेन जरा कोरडं चाललं, म्हणजे शाई कमी सोडू लागलं, की अक्षर पेन्सिलीने लिहिल्यासारखं फिकं दिसतं; पेन सढळ असलं की तीच शाई जवळजवळ निळी-काळी होते. म्हणून रंग आवडला का, हा प्रश्न मी नंतर विचारते. आधी बघते, की माझ्या पेनातून, माझ्या कागदावर, माझ्या अक्षरात ती वाचता येते का.

मी मुद्रितशोधन करते, पुण्यात. दिवसभर हातात पेन असतं आणि समोर 75 जीएसएमचे (चौरस मीटरला 75 ग्रॅम वजनाचे) कॉपिअर कागद. त्यामुळे खाली सांगितलेलं सगळं रोजच्या साध्या कागदाला धरून आहे. उदाहरणाला पायलट कंपनीची ‘शिन-काई’ घेतली आहे. ही इरोशिझुकू मालिकेतली शाई. 2007 साली पायलटने ही मालिका आणली. निळ्यात पुरेसं करडेपण, पण मळकट नाही. दिवसभर बघून डोळे दमत नाहीत, आणि लिहिलेलं पान अंगावर येत नाही. डायमाइनची प्रशियन ब्लू किंवा दुसरी कुठली अशीच शाई तुमच्या मनात असेल, तरी परीक्षा हीच.

एकदम बाटली घेऊ नका. शाईचे दोन किंवा पाच मिलीचे नमुने छोट्या कुपीत विकत मिळतात, नाहीतर शाईवेड्या मित्राकडून घ्या. बहुतेक कन्व्हर्टरमध्ये (पेनात बसणाऱ्या, शाई ओढून घेणाऱ्या नळीत) एक मिलीही शाई मावत नाही, तेव्हा दोन मिलीत परीक्षा आरामात होते. उलट 50 मिलीची बाटली नावडली तर वर्षानुवर्षं कपाटात बसते. कुपीतून शाई काढायला औषधांच्या दुकानात मिळणारी साधी सिरिंज घ्या, सुई काढून टाका आणि कन्व्हर्टर थेट भरा. एवढ्याशा कुपीत निब बुडवून शाई ओढायला गेलं तर निम्मी शाई तळालाच राहते.

पेन आधी नीट धुवायला हवं, आणि या रंगासाठी तर फारच नीट. निबखालच्या जिभेत, म्हणजे शाई निबेपर्यंत आणणाऱ्या भागात, जुन्या रॉयल ब्लूचा अंश राहिला असेल तर काळ्या शाईत तो कळणारही नाही, राखाडी निळीचा मात्र सूरच बदलतो. साधं गार पाणी कन्व्हर्टरने आत-बाहेर करत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. जुनी शाई चिकटून बसली असेल तर वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे एक-दोन थेंब टाका आणि नंतर पुन्हा साध्या पाण्याने धुवा. गरम पाणी किंवा स्पिरिट नको. प्लास्टिक खराब होतं. मग निब टिश्यूत गुंडाळून पेन उभं ठेवा, निब खाली, रात्रभर. एवढं करूनही जिभेत थोडं पाणी राहतंच, म्हणून पहिल्या अर्ध्या पानावरचा रंग हिशेबात धरू नका.

आता पेन कुठलं? जपानी मीडियम निब युरोपीय फाइनच्या आसपास लिहिते, हे लक्षात ठेवून निवडा. मराठीसाठी मला हीच जाडी योग्य वाटते. याहून बारीक आणि कोरडी निब घेतली तर ही शाई फिकी पडते. याहून जाड घेतली तर रंगाच्या छटा फार देखण्या दिसतात, पण जोडाक्षरांची पोटं भरून जातात. म्हणूनच परीक्षेला इंग्रजीतलं, सगळी मुळाक्षरं येणारं, कोल्ह्या-कुत्र्याचं वाक्य लिहून उपयोग नाही. मी हे शब्द लिहिते: उद्ध्वस्त, दृष्ट्या, वाङ्मय, ब्रह्मांड, तज्ज्ञ, स्वातंत्र्य. आपल्या नेहमीच्या आकारात आणि नेहमीच्या वेगात लिहायचे. ‘द्ध्व’ सुटा वाचता आला, ‘ह्म’ची गाठ मोकळी राहिली, तर निब आणि शाई दोन्ही पास.

यापुढची पायरी माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची: अनुस्वार. घर आणि घरं, झाड आणि झाडं, केल आणि केलं. हा सगळा फरक एका ठिपक्यावर. भरभर लिहिताना तो ठिपका म्हणजे निबेचा कागदाला नुसता स्पर्श असतो, तेवढ्यात उतरेल तितकीच शाई उतरते. गडद शाईत तेवढी पुरते. राखाडी निळीत, कोरड्या निबेने, तो ठिपका वाळल्यावर कागदात विरघळल्यासारखा होतो. कॉपिअर कागदावर अनुस्वार असलेले दहा-बारा शब्द लिहा, पान हातभर लांब धरा आणि ट्यूबलाइटखाली वाचा. ठिपके शोधावे लागत असतील तर शाई लगेच नाकारू नका, आधी पेन बदलून बघा. शिन-काई सढळ चालणारी शाई आहे. माझ्या मीडियम निबेत अनुस्वार स्वच्छ दिसतात. तीच शाई एका अतिबारीक निबेत भरली तेव्हा ‘शांत’चा ‘शात’ दिसायला लागला होता.

शिरोरेघेचंही बघा. काही जण प्रत्येक अक्षरागणिक रेघ देतात, काही अख्खा शब्द लिहून मग वरून रेघ ओढतात. दुसऱ्या पद्धतीत रेघ ओल्या अक्षरांच्या डोक्यांवरून जाते आणि जिथे काना रेघेला भेटतो तिथे शाई दुप्पट होते. या रंगात तो सांधा स्पष्ट गडद दिसतो. तसंच काना वरून खाली ओढताना शाई बुडाशी साचते, म्हणून प्रत्येक उभ्या रेघेचा माथा करडा आणि तळ निळसर गडद. देवनागरीत उभ्या रेघा इतक्या असतात, की संपूर्ण ओळीला एक छान लय येते. भिंग असेल तर जरूर बघा. मला या शाईचं सगळ्यात मोठं सुख हेच वाटतं, आणि रोमन लिपीतल्या नमुन्यांच्या फोटोंत ते कधीच कळत नाही.

फोटोंवर भरवसा ठेवू नये याचं दुसरं कारण कागद. शाईचे देखणे फोटो बहुतेक वेळा टोमोए रिव्हरसारख्या, शाई चटकन न शोषणाऱ्या जपानी कागदावरचे असतात. तिथे शिन-काईला तांबूस झळाळीसुद्धा येते. कॉपिअर कागदावर ती झळाळी विसरा. तुमच्याकडे रोज वापरात असतील ते तीन-चार कागद घ्या: ऑफिसचा कॉपिअर, शाळेची एकरेघी वही, डायरी, फुलस्केप. प्रत्येकावर तेच शब्द लिहा. शाई फुटते का, म्हणजे अक्षराच्या कडांना केसासारखे तंतू येतात का ते पाहा. मग पान उलटा. मागे ठिपके उमटले असतील तर पाठपोट लिहिता येणार नाही. रंग लगेच ठरवू नका. ओली शाई जास्त निळी आणि गडद दिसते, वाळली की करडी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी बघा, रात्री पिवळ्या दिव्याखाली पुन्हा बघा. पिवळ्या उजेडात निळेपणा बराच दबतो. रात्री लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

वाळायला किती वेळ लागतो हे पाहणं सोपं. पाच रेघा ओढा आणि पाच, दहा, पंधरा, वीस, तीस सेकंदांनी एकेकीवरून बोट फिरवा. शेजारी आकडे लिहून ठेवा. हीच परीक्षा पावसाळ्यात पुन्हा करा, कारण दमट हवेत वेळ वाढतो. डावखुऱ्यांनी तर आकडा बघितल्याशिवाय शाई घेऊच नये. उन्हाळ्यात त्रास वेगळा असतो: घामेजलेला तळहात वाळलेली अक्षरंही पुसट करतो. तळहाताखाली टीपकागद ठेवायची जुनी सवय इथे फार उपयोगी पडते.

पाण्याची परीक्षा दोन ओळींवर घ्या, लिहून एक दिवस झाल्यावर. एका ओळीवर थेंब टाका, मिनिटभर थांबा, टिपून घ्या; दुसरी तुलनेला कोरडी ठेवा. शिन-काईत निळा अंश पसरतो, पण खाली करडी रेघ राहते आणि मजकूर लागतो. पावसात पिशवी भिजली तर वही वाचेल, इतपत धीर यातून मिळतो. पण ही पक्की शाई नव्हे. उन्हाची परीक्षा हवी असेल तर लिहिलेली पट्टी खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, निम्मी जाड पुठ्ठ्याने झाका आणि महिन्याने उघडा. मिटलेल्या वहीला उन्हाने रंग उडण्याची काळजी नाही, भिंतीवर लावायच्या मजकुराला आहे.

रंग करडा हवा आणि टिकाऊही हवा, अशी अट असेल तर रोरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स पाहा. ती लोहयुक्त शाई आहे. लिहिताना निळी असते, हवा लागून हळूहळू करड्याकडे गडद होत जाते, आणि पाण्याला दाद देत नाही. मात्र ती पेनात वाळू द्यायची नाही आणि पेन दर दोन-तीन आठवड्यांनी धुवायचं. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई मात्र पेनात चुकूनही भरू नका. ती आत वाळली की पेन कायमचं बसतं.

इतकं झालं की आठवडाभर फक्त याच शाईने लिहा: यादी, हिशेब, फोनवर घेतलेली टिपणं, पत्र. टोपण उघडं ठेवून दोन-चार मिनिटं थांबा आणि पहिलं अक्षर उठतं का बघा. शनिवारी ठेवलेलं पेन सोमवारी लगेच चालतं का, तेही. पेन पडून राहिलं तर आतलं पाणी उडून शाई दाट होते आणि रंग गडद येतो. तो खरा रंग समजू नका. एक पान मोबाइलवर स्कॅन करा आणि झेरॉक्सही काढून बघा. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये फिके भाग उडतात.

काही कामांना ही शाई मी वापरत नाही. प्रुफावर तर नाहीच: काळ्या छापील मजकुराशेजारी राखाडी निळी खूण हरवते, तिथे लालच हवी. चेकवरही नको. चेकची आता प्रतिमा पुढे जाते आणि प्रतिमेत स्पष्ट उमटेल अशी शाई वापरा, असं रिझर्व्ह बँकेचंच सांगणं आहे. सरकारी अर्जाला सरळ निळी किंवा काळी.

आणि जपानी बाटलीचा खर्च नको असेल तर करडा निळा घरीही बनतो. रॉयल ब्लू आणि काळी, दोन्ही एकाच कंपनीच्या घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या शाया एकमेकींत मिसळल्या तर साका धरू शकतो. कॅम्लिनच्या शाया कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. या कंपनीची सुरुवातच शाईने झाली; 1931 साली दांडेकरांनी मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाई काढली होती. काचेच्या कुपीत दहा थेंब निळी, एक थेंब काळी. टाक बुडवून लिहून बघा, पण टाकाने रंग पेनापेक्षा गडद येतो हे धरून चाला. अजून करडा हवा असेल तर काळी अर्ध्या-अर्ध्या थेंबाने वाढवा. काळी फार लवकर निळ्याला खाऊन टाकते. फार गडद झालं तर पाण्याचे थेंब घाला. कुपी दोन दिवस तशीच ठेवा. तळाशी गाळ दिसला तर ओतून द्या, नसला तर पेनात भरा. प्रमाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी कुपीला चिकटवा, नाहीतर पुढच्या वेळी तो रंग जमत नाही.

बाटली घेतलीत तर खोक्यातच ठेवा, उजेडापासून लांब. इरोशिझुकूच्या बाटलीच्या तळाला एक खळगा असतो. शाई संपत आली की बाटली न कलंडता शेवटचे थेंब तिथूनच ओढा. आणि कन्व्हर्टरमध्ये उरलेली शाई परत बाटलीत ओतू नका. पेनातली घाण आणि बुरशी तिच्याबरोबर आत जाते आणि अख्खी बाटली वाया जाते.