सर्व्हिसिंगच्या एस्टिमेटमधलं काय करायचं, काय खोडायचं

गाडी सर्व्हिसिंगला सोडून तास-दोन तास झाले की सर्व्हिस ॲडव्हायझरचा फोन येतो. ऑइल आणि फिल्टर बदलतोच आहोत; शिवाय इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी, इंजिन फ्लश, एसी सर्व्हिस, अलाइनमेंट असं बरंच निघालंय, करून टाकू का? आपण कामाच्या गडबडीत 'बरं, करा' म्हणतो आणि संध्याकाळी बिल पाहून डोळे पांढरे होतात. त्या यादीतली काही कामं टाळली तर पुढे खरंच महागात पडतात, काही सहज वर्षभर थांबतात आणि काहींची गाडीला कधीच गरज नसते. हे वेगळं करायला मेकॅनिक असावं लागत नाही. प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा. हे काम कंपनीच्या वेळापत्रकात या टप्प्याला आहे का? काही मोजलं असेल तर आलेल्या आकड्यावरून ते करायची वेळ झालीय का? गाडी चालवताना तसा त्रास जाणवतोय का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर ती ओळ खोडायची.

१. आदल्या रात्री मॅन्युअल उघडा

ओनर्स मॅन्युअलमध्ये किंवा सोबतच्या सर्व्हिस बुकात देखभालीचा तक्ता असतो. त्यात किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात. जे आधी पूर्ण होईल ते धरायचं. रनिंग कमी असलेल्या गाडीचे मालक नेमके इथे चुकतात. गाडी वर्षात ३,००० किलोमीटरच फिरली तरी ऑइलची मुदत संपते.

तक्त्यातल्या खुणा नीट पाहा. 'तपासा' आणि 'बदला' यांसाठी वेगवेगळी अक्षरं असतात. ४०,००० किलोमीटरला ब्रेक पॅड 'तपासा' असं असतं आणि एस्टिमेटमध्ये येताना त्याचं 'बदला' झालेलं असतं. जादा कामांतली निम्मी गफलत या एका अक्षराची असते.

बहुतेक मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी वेगळा, कमी अंतराचा तक्ता असतो. धुळीचे रस्ते, कायम ट्रॅफिकमध्ये रांगणं, ट्रेलर ओढणं आणि लहान लहान फेऱ्या हे सगळं खडतर वापरातच मोडतं. पाच-सात मिनिटांच्या फेरीत इंजिन पूर्ण तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये उतरलेली वाफ आणि न जळलेलं इंधन उडून जात नाही. आपला वापर यात बसत असेल तर प्रामाणिकपणे हाच तक्ता धरा. इथे वाचवलेले पैसे इंजिन वसूल करतं.

सर्व्हिस सेंटरच्या भिंतीवरचं पॅकेज मात्र वेगळी गोष्ट आहे. ते डीलरने बनवलेलं असतं, गाडी बनवणाऱ्याने नाही. जुनी बिलं काढून कोणतं काम कधी झालं ते एका कागदावर लिहा आणि तो कागद सोबत न्या.

२. जॉब कार्डवर त्रास लिहा, उपाय नको

गाडी सोडताना भरतात त्या जॉब कार्डवर 'अलाइनमेंट करा' (म्हणजे चाकांचे कोन जुळवा) असं लिहिलं की ते करून मिळतं, उपयोग होवो न होवो. त्याऐवजी 'ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं' असं लिहा. तो दोष बहुधा व्हील बॅलन्सिंगचा, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसल्याचा असतो. सपाट, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी चारही टायरमधली हवा सारखी आहे का बघा, मग अलाइनमेंटचा विषय काढा. टायरच्या आतल्या किंवा बाहेरच्याच कडेची झीज, मोठ्या खड्ड्याचा दणका किंवा सस्पेन्शनचं काम ही अलाइनमेंटची रास्त कारणं आहेत. दर सर्व्हिसिंगला ते करण्यात अर्थ नाही.

कार्डाच्या शेवटी 'विचारल्याशिवाय जादा काम करू नये' हे वाक्य लिहून घ्या आणि त्याखाली सही करा.

३. ही कामं ढकलू नका

इंजिन ऑइल आणि फिल्टरबद्दल वाद नाही. मॅन्युअलमधलाच ग्रेड (ऑइल किती पातळ-घट्ट ते सांगणारा) घाला, म्हणजे ०डब्ल्यू-२० सांगितलं असेल तर 'त्याहून घट्ट चांगलं' या सल्ल्याला भुलू नका.

ब्रेक फ्लुइड हे सगळ्यात दुर्लक्षित काम. हे द्रव हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं कोरं फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसला उकळायला हवं, पण ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब घाट उतरताना ब्रेक तापले, की फ्लुइडमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. बऱ्याच कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. शंका असेल तर ओलावा मोजायचं पेनसारखं यंत्र तुमच्यासमोर लावायला सांगा.

टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा) असलेल्या गाडीत त्याची मुदत अंतिम समजा. मॉडेलप्रमाणे ती साधारण ६०,००० ते १,६०,००० किलोमीटरमध्ये कुठेही असते आणि वर्षांचीही अट असते. बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडावं लागतं. वॉटर पंप बेल्टवर फिरत असेल तर तोही तेव्हाच बदला, कारण मजुरी तीच लागते. बेल्टऐवजी चेन असलेल्या इंजिनाला सहसा अशी मुदत नसते. मग 'टायमिंग सर्व्हिस' कशाची, हे विचारा.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलला काही कंपन्या 'लाइफटाइम' म्हणतात. ते फारसं मनावर घेऊ नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरंच ऑइल अडकून राहतं, त्यामुळे एकदा काढून भरल्यावर साधारण तिसरा हिस्सा ते निम्मंच नवं होतं. सीव्हीटीमध्ये (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये) तिचं ठरलेलंच फ्लुइड हवं, दुसरं चालत नाही.

कूलंट आणि डिझेल गाडीचा फ्युएल फिल्टर तक्त्याप्रमाणे बदला. कूलंटच्या रंगावरून त्याचा प्रकार ओळखू नका.

४. जिथे मोजता येतं तिथे आकडा मागा

'पॅड गेलेत' हे उत्तर पुरेसं नाही. नव्या पॅडचं अस्तर साधारण १० ते १२ मि.मी. असतं आणि ३ मि.मी.च्या आसपास ते बदलायचं. ६ मि.मी. उरलं असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबता येतं. डिस्क बदलायला सांगितली तर तिच्यावर कोरलेली किमान जाडी आणि मोजलेली जाडी, दोन्ही विचारा.

बॅटरीचंही तसंच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे पाऊण. पण व्होल्टेज चांगलं असूनही जुनी बॅटरी स्टार्टरच्या ओढीला दम टाकते, म्हणून लोड टेस्टचा (बॅटरीवर भार टाकून केलेल्या चाचणीचा) कागद मागा.

एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर स्वतःच पाहा. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि तो दहा मिनिटांत हाताने निघतो. पाकळ्यांत पानं-धूळ गच्च बसली असेल तर बदला. कडा नुसत्या करड्या झाल्या असतील तर घाई नाही.

५. त्रास असेल तरच

इंजेक्टर क्लीनिंग (इंधन फवारणाऱ्या नळ्यांची सफाई) आणि डिकार्बनायझेशन (इंजिनातला कार्बन काढणं) यांवर सर्व्हिस सेंटरचा फार जीव असतो. गाडी एका जागी उभी असताना इंजिन अडखळत नाही, पिकअप घटलेला नाही, ॲव्हरेज पडलेलं नाही, तर साफ कशाला करायचं? आणखी एक मेख आहे. पेट्रोल डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये उडतं, इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही. टाकीत ओतलेली बाटली त्या व्हॉल्व्हवरचा कार्बन काढू शकत नाही. तो खरंच साचला असेल तर मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा पाइप) काढून घासावा लागतो.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, कारण ती यंत्रणा बंद असते. रबरी पाइपांतून तो वर्षानुवर्षं किंचित झिरपतो, एवढंच. दरवर्षी टॉप-अप लागत असेल तर गळती आहे. ती शोधायला सांगा. गार कमी पडत असेल तर आधी केबिन फिल्टर, मग कंडेन्सरवरची (गाडीच्या पुढच्या बाजूच्या एसीच्या जाळीवरची) माती आणि त्याचा पंखा बघा.

६. इथे सरळ 'नको' म्हणा

इंजिन फ्लश (रसायन घालून इंजिन आतून धुणं) सुचवला की टॉर्च घेऊन ऑइल भरायचं झाकण उघडा. धातूवर हलका तपकिरी थर दिसला तर इंजिन ठीक आहे. डांबरासारखा काळा चिखल दिसला तर फ्लश अधिकच धोक्याचा, कारण सुटलेला गाळ तळातल्या ऑइलच्या जाळीत अडकून पंप उपाशी राहू शकतो. त्याऐवजी ऑइल दोन-तीनदा लवकर बदला.

टायरमध्ये नायट्रोजन? साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. ऑइलमध्ये घालायच्या ॲडिटिव्हच्या बाटल्याही नकोत. पॉवर स्टिअरिंग फ्लुइड बदलायचा आग्रह झाला तर बॉनेटखाली त्याची टाकी दाखवा म्हणा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग विजेवर चालतं आणि त्यात हे फ्लुइडच नसतं!

७. गाडी ताब्यात घेताना

बदललेले भाग परत मागा आणि हे सकाळीच सांगून ठेवा. बिलातले ऑइलचे लिटर मॅन्युअलशी ताडून पाहा. क्षमता ३.७ लिटर असताना ४.५ लागले असतील तर एकतर बिल चुकलंय किंवा ऑइल जास्त भरलंय. जास्त ऑइलही वाईटच, कारण क्रँकशाफ्ट त्यात घुसळला की फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी.

जी कामं पुढे ढकललीत ती बिलावर आकड्यासह लिहून घ्या, उदाहरणार्थ 'पुढचे पॅड ५ मि.मी.' पुढच्या खेपेला कोणी 'पॅड गेलेत' म्हणालं की तेच बिल समोर ठेवता येईल.